खाणीवरून आलेले कार्ड

पेडण्यास कोजागिरीच्या रात्री पुनव भरते. भूतनाथाने त्या रात्री आपल्यासाठी देऊळ मागावे, ते एका रात्रीत उभे राहत नाही म्हणून रुसून रानाची वाट धरावी, आणि लोकांनी पुढल्या वर्षाचे वचन देऊन त्याची समजूत घालावी, असा हा परंपरेने चालत आलेला प्रकार आहे. आम्ही तो लहानपणापासून पाहत आलो. परंतु भूतनाथाची बाजू आम्हांस प्रथम उमगली ती २०२५ च्या ऑक्टोबरात. कारण आमच्याही मनात एका वस्तूची मागणी उभी राहिली होती, आणि आम्ही सलग चौथ्या वर्षी आमची स्वतःचीच समजूत घालत होतो.

ती वस्तू म्हणजे संगणकातले ग्राफिक्स कार्ड. शाळेतून निवृत्त झालेल्या आणि केस पांढरे झालेल्या माणसास असल्या वस्तूचे काय प्रयोजन, असे वाचकांस वाटेल. आमच्या शेजाऱ्यांसही तसेच वाटते. प्रयोजन असे की, गेली काही वर्षे आम्ही थंडीच्या दिवसांतल्या जत्रांतून होणारे दशावताराचे प्रयोग चित्रित करीत असतो. कार्तिकापासून पुढे गावोगावच्या देवळांत ही नाटके रात्रभर चालतात. सिंहासन म्हणून एक बाक, बाजूस हार्मोनियम, मृदंग आणि झांज, आणि संहिता नटांच्या जिभेवर. ती कागदावर नसल्यामुळे नट गेला की ती त्याच्याबरोबर जाते. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध नटाने आयुष्यभर स्त्रीभूमिका केल्या. त्याच्या शेवटच्या तीन हंगामांचे चित्रण आमच्यापाशी होते. त्यातून दोन तासांचा एक चित्रपट तयार करून त्यास दाखवावा, असा आमचा संकल्प होता. त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती आणि दुसऱ्याची जात चालली होती. म्हणून संकल्पास मुदत होती, आणि ती आमच्या हाती नव्हती.

आमचे यंत्र २०१७ सालचे. त्यातले कार्ड जीटीएक्स १०५० टीआय या नावाचे, २०१६ च्या ऑक्टोबरात बाजारात आलेले, ४ जीबी स्मृतीचे आणि ७५ वॅटवर भागवून घेणारे. ज्यांस या वस्तूचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या व्युत्पन्न शास्त्र्यासारखा असतो. कोणताही प्रश्न घाला, तो क्रमाने विचार करून उत्तर देईल. ग्राफिक्स कार्ड म्हणजे शाळेतल्या शेकडो मुलांचा वर्ग. एकेकास एकच पाढा येतो, पण सगळी मुले एकदम म्हणू लागली की चित्रातल्या लक्षावधी ठिपक्यांचा हिशेब क्षणात होतो. आमच्या वर्गात अशी ७६८ मुले होती. हल्लीच्या स्वस्त म्हणवल्या जाणाऱ्या कार्डांतही ती अडीच हजारांवर असतात.

त्या ऑक्टोबरात योग असा आला की दोन मुदती एकत्रच संपल्या. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ तारखेस बंद झाला. आणि आमच्या कार्डाच्या पिढीस नवे ड्रायव्हर देणे आता थांबणार, सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या तेवढ्या २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत मिळणार, असे एन्व्हिडिया कंपनीने जाहीर केले होते. मनुष्यास जे करायचेच असते त्यासाठी तो काळाची साक्ष काढतो. आम्हीही काढली. दिवाळीपर्यंत आम्ही ३०,००० रुपये बाजूस ठेवले आणि त्याच वर्षी निघालेल्या आरटीएक्स ५०५० या कार्डाची माहिती रात्री जागून वाचू लागलो. खरे म्हणजे तेवढ्या रात्रींत चित्रपटाचा एक अंक जोडून झाला असता.

दिवाळीस डिचोलीहून मामेभावाचा मुलगा फराळास आला. हा पुतण्या संगणकावर घरांची त्रिमिती चित्रे काढतो. म्हापशाच्या एका इंजिनियराकडून त्यास काम मिळते. घर बांधण्यापूर्वीच ते कसे दिसेल हे मालकास दाखवावयाचे. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यास आपला बेत सांगितला. त्याने ऐकून घेतले, यंत्रापुढे बसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही नेहमीसारखे काम करा. मी नुसता बघतो."

आम्ही तीन कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र लावले. नेहमीप्रमाणे चित्र अडखळू लागले, नटाचा हात वर गेला तो वरच राहिला. पुतण्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक तक्ता उघडून दाखविला. त्यात कार्डाच्या नावापुढे वीस टक्क्यांच्या आसपास आकडा होता. आणि हार्ड डिस्कच्या नावापुढे शंभर. "तुमचे कार्ड रिकामे बसले आहे," तो म्हणाला. "वर्गात मुले हजर आहेत, पण खडूच पोचत नाही."

मग त्याने उलगडा केला. यंत्रात ८ जीबी रॅम. ती भरली की ओसंडलेला भाग यंत्र फिरत्या तबकडीवर ठेवते आणि लागेल तेव्हा पुन्हा आणते. त्याच तबकडीवर विंडोज, त्याच तबकडीवर चित्रण. आमचा कॅमेरा तासाला सुमारे ४५ जीबी लिहितो; सहा तासांच्या एका रात्रीचे २७० जीबी होतात. अशा तबकडीपुढे २६,००० रुपयांचे कार्ड लावणे म्हणजे तिळारीच्या कालव्याचे पाणी अर्ध्या इंचाच्या नळाने शेतात घेण्यासारखे होते. शिवाय हल्लीची पुष्कळशी स्वस्त कार्डे मदरबोर्डाशी सोळाऐवजी आठच मार्गिकांनी बोलतात. नव्या बोर्डावर ते चालून जाते. आमच्या जुन्या बोर्डावर प्रत्येक मार्गिकेचा वेग कमी, त्यामुळे तेथेही थोडे गमवावे लागले असते.

औषध साधे निघाले. १ टीबीची एसएसडी आणि ओळखीच्या एका मुलाकडून घेतलेली ८ जीबी रॅमची वापरलेली पट्टी, मिळून ८,५०० रुपये. विंडोज १० साठी वर्षभराच्या वाढीव सुरक्षेची सोय होती, तिचा लाभ घेतला. आणि चित्रणाच्या हलक्या, लहान प्रती काढून त्यांवर जुळणी करावयाची व शेवटी मूळ चित्रण जोडावयाचे, ही युक्ती पुतण्याने शिकविली; तिला एक पैसाही पडला नाही. दुसऱ्या दिवशी नटाचा हात वर गेला आणि वेळेवर खाली आला.

आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, आणि सवयीने विचारले, "तुझ्या यंत्राचे कसे काय?" तो गप्प झाला. त्याची आई सोबत होती, तिने सांगितले, "त्याला खरेच पाहिजे, भावोजी. पण घरात तो विषय काढायची सोय नाही."

ही सोय का नव्हती, हे समजण्यास डिचोलीचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास ठाऊक हवा. चीनला लोहखनिज हवे होते त्या काळात डिचोलीच्या रस्त्यांवर ट्रकांची रांग तुटत नसे. शेतकऱ्याने शेत पाडून ट्रक घ्यावा, शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधी काढून ट्रक घ्यावा, बँकेने बोलावून कर्ज द्यावे, असे ते दिवस होते. आमच्या मामेभावाने २०१० साली कर्जाने ट्रक घेतला. दोन वर्षे हप्ते नियमाने गेले. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबविल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि ट्रक अंगणातल्या फणसाखाली उभा राहिला. २०१५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याने उसनवारी करून टायर बदलले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चच्या मध्यास सर्व पुन्हा ठप्प झाले. त्या वर्षी त्याने ट्रक मिळेल त्या भावाने विकला. हप्ते मात्र ट्रकाच्या मागून गेले नाहीत. ते घरातच राहिले. २०२२ च्या डिसेंबरात डिचोलीतल्या पट्ट्यांचा लिलाव होऊन खाणींची चाके पुन्हा फिरू लागली. परंतु तो त्या वाटेस गेला नाही. हल्ली तो एका शाळेचा बालरथ चालवितो. यंत्र घेऊन त्यातून पोट भरण्याची कोणतीही योजना त्याच्यापुढे मांडली की तो फणसाकडे पाहतो.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी आम्ही कोलवाळचा पूल ओलांडून म्हापसा, अस्नोडा करीत डिचोलीस गेलो. प्रथम मुलाचे काम पाहिले. त्याच्यापाशी ४ जीबीचे कार्ड. घर, अंगण, माड, गवत, लाल चिऱ्यांचा गडगा असे सर्व दृश्य मांडले की ते त्या स्मृतीत मावत नसे. मग सारा हिशेब मुख्य प्रोसेसरवर पडे आणि एक चित्र उमटण्यास सात तास लागत. सकाळी मालकाने 'खिडकी जरा डावीकडे घ्या' म्हटले की पुढली रात्र पुन्हा तीच. त्याने आमच्यापुढे वही ठेवली. तीन महिन्यांत वेळ पुरत नाही म्हणून परत पाठविलेली पाच कामे तीत तारखेनिशी नोंदलेली होती. आमच्या यंत्रात कार्ड रिकामे बसले होते; येथे ते धापा टाकीत होते. दोन्ही घरांत मागणी एकच, पण तिचा अर्थ निराळा होता.

आता कार्ड कोणते घ्यावे हा प्रश्न. नवे, ८ जीबीचे, तीन वर्षांच्या हमीचे, असा एक मार्ग. दुसरा मार्ग मुलाने चाचरत सांगितला. डिचोलीतलाच एक तरुण आरटीएक्स ३०६० हे वापरलेले कार्ड १५,००० रुपयांस द्यावयास तयार होता. त्यात १२ जीबी स्मृती. मुलाच्या मोठ्या दृश्यांस वेगापेक्षा जागा अधिक हवी होती, म्हणून ते सोयीचे. अडचण एवढीच की ते कार्ड पूर्वी खाणकामास लावलेले होते.

'खाण' हा शब्द ऐकताच आतापर्यंत पाठमोरा बसलेला मामेभाऊ वळला. "हें खंयचे खणीर आशिल्लें रे?" त्याने विचारले.

पोरगा हसला, आम्हीही हसलो, पण प्रश्न वाटला तितका विनोदी नव्हता. संगणकांच्या जगातही गेल्या दशकात खाणी निघाल्या होत्या. इथेरियम नावाच्या आभासी चलनाचे व्यवहार पडताळण्यासाठी जगभरची यंत्रे एका कोड्याचे उत्तर अदमासाने शोधीत. ज्याचा अदमास लागे त्यास त्या चलनातून मोबदला मिळे. अदमास करण्यास ग्राफिक्स कार्डे उत्तम. तेव्हा लोकांनी ती रॅकवर रॅक लावून रात्रंदिवस चालविली. २०२१ साली त्यांचे भाव छापील किमतीच्या दुप्पट झाले आणि तिच्याही वर गेले. याच ३०६० कार्डाचा खाणकामातला वेग निम्मा व्हावा, म्हणजे ते साध्या गिऱ्हाइकास मिळेल, म्हणून कंपनीने त्यात अडसर घातला होता; तोही फार काळ टिकला नाही. पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पडताळणीची रीतच बदलली, आणि कार्डांची ती खाण एका दिवसात बंद पडली. हजारो कार्डे वापरलेल्या मालाच्या बाजारात आली.

आम्ही हे सांगत असता मामेभाऊ बोटांवर काही मोजीत होता. "सप्टेंबर २०१२," तो म्हणाला, "आणि सप्टेंबर २०२२. बरोबर धा वर्सां." मग बऱ्याच वेळाने, "त्यांनीही हप्त्यावर घेतली असतील."

त्या वाक्यानंतर त्याचा सूर बदलला, असे आम्हांस वाटते. इतकी वर्षे तो आपल्या ट्रकाकडे आपल्या एकट्याचा मूर्खपणा म्हणून पाहत आला होता. त्याच जातीची चूक दूरदेशीच्या शिकलेल्या माणसांनीही केली, हे कळून त्यास समाधान झाले असे नव्हे; पण चूक नेमकी कोठे होती हे त्यास दिसू लागले. ट्रक वाईट नव्हता. कर्ज घेणेही सर्वस्वी वाईट नव्हते. ज्या कामासाठी ट्रक घेतला ते काम एकाच मालाचे, एकाच गिऱ्हाइकाचे, आणि कधी थांबेल ते आपल्या हाती नसलेले होते; आणि ते हाती असण्यापूर्वीच हप्ता सुरू झाला होता. मुलाच्या वहीतली पाच कामे मात्र आधी आली होती, कार्ड मागून येणार होते. आम्ही एवढेच त्याच्यापुढे ठेवले. हा हिशेब आम्ही स्वतःसाठी चार वर्षे केला नव्हता, हे त्यास सांगितले नाही.

"कार्ड पाहू या," तो म्हणाला.

त्या तरुणाच्या घरी जे घडले ते पाहावयास वाचक असावयास हवे होते. मामेभावास संगणकातले ओ की ठो कळत नाही. पण जुन्या गाडीची परीक्षा त्याच्याइतकी आमच्या साऱ्या कुळात कोणास येत नाही. त्याने कार्ड उजेडात धरले. पंख्याची पाती बोटाने फिरवून कानाशी नेली. "बेअरिंग वाजते," तो म्हणाला. आणि खरेच, दोहोंपैकी एक पंखा खरखरत होता. पात्यांमागची धूळ त्याने नखाने काढून पाहिली. स्क्रू पूर्वी उघडले होते का, हे डोक्यावरच्या ओरखड्यांवरून ताडले. शेवटी त्याने विचारले, "एका जागी उभे राहून चालले, की रोज चालू-बंद?" तरुण म्हणाला, एका जागी, अठरा महिने, न थांबता. "मग इंजिनापेक्षा पंखा आणि तेल बघायला हवे," असे त्याने मत दिले. पुतण्याने आम्हांस हळूच सांगितले की जाणकारांचे म्हणणे पुष्कळसे असेच आहे: अशा कार्डांची मुख्य चिप सहसा शाबूत असते, कारण वीज वाचविण्यासाठी खाणकाम करणारे तिचा दाब उतरवून ठेवीत, सोसावे लागते ते पंख्यांस, स्मृतीच्या तुकड्यांस आणि उष्णता वाहून नेणाऱ्या लेपास.

"भरलेली गाडी चढणीवर घातल्याशिवाय मी पैसे देत नाही," हा मामेभावाचा अखेरचा नियम. तरुण भला होता. त्याने दोन दिवसांच्या बोलीवर कार्ड नेऊ दिले. तेवढ्यात आणखी एक खर्च पुढे आला. त्या कार्डास १७० वॅट लागतात आणि पॉवर सप्लायपासून वेगळी जोडणी लागते. मुलाचा जुना सप्लाय त्यास पुरेसा नव्हता. नवा ४,५०० रुपयांचा आणावा लागला. स्वस्त वस्तूच्या पाठीमागून येणारी वऱ्हाडी मंडळी आधीच मोजावीत, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. एकूण १९,५०० झाले. मुलापाशी ९,००० होते. उरलेले १०,५०० आम्ही आमच्या वाचलेल्या पैशांतून हातउसने दिले. बँकेचा कागद नाही, हप्ता नाही, व्याज नाही. काम आले की परत करावे.

लेप बदलला, खरखरणारा पंखा बदलला, आणि रात्री नऊ वाजता मुलाने आपले सर्वांत जड दृश्य चढणीवर घातले. सात तासांचे चित्र चाळीस मिनिटांत उमटले. पण त्यावर परीक्षा संपली नाही. तेच काम सकाळपर्यंत पुनःपुन्हा चालवून चित्रावर कोठे परके ठिपके उमटतात का, तापमान कोठे चढते का, हे पाहावयाचे ठरले. आम्ही ओसरीवर आडवे झालो.

आमचा चित्रपट जानेवारीत पूर्ण झाला. त्या वृद्ध नटास आम्ही घरी आणून पडद्याच्या अगदी जवळ बसविले. त्याने दोन तास बरा डोळा तिरका करून पाहिले, मधूनमधून ओठांत आपलेच संवाद म्हटले, आणि शेवटी एका प्रवेशात आपण पदर चुकीच्या खांद्यावर घेतला होता, अशी तक्रार केली. हे सारे त्याच जुन्या कार्डावर झाले. ते अजून चालू आहे. बंद पडेल त्या दिवशी नवे घेऊ, आणि घेण्यापूर्वी तो तक्ता उघडून पाहू. पुतण्याने परत पाठविलेल्या पाच कामांपैकी दोन पुन्हा त्याच्याकडे आली, आणि आमचे हातउसने निम्मे फिटले आहेत.

परंतु या साऱ्या व्यवहारातले आम्हांस आठवते ते डिचोलीच्या त्या रात्रीचे. दोनच्या सुमारास जाग आली. खोलीत दिवा नव्हता. यंत्राचा निळा उजेड तेवढा होता. पोरगा खुर्चीतच झोपला होता. मामेभाऊ बनियनवर त्याच्या शेजारी उभा होता आणि पेटीच्या मागल्या जाळीशी उलटा तळहात धरून होता, घाट चढून आलेल्या ट्रकाच्या बॉनेटपाशी धरावा तसा. आम्ही जागे आहोत असे पाहून तो थोडा ओशाळला.

"तापूंक ना," तो म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला.